कुलूप, कासव आणि कोरडं बीळ

एका जंगलात दामोजी नावाचं साळिंदर नोकरी करायचं. हसू नका रे, साळिंदराला काय पोट नसतं? वनराजांच्या कचेरीत दामोजी संगणकाचं काम बघायचा. पाणवठ्याचं फाटक रोज सकाळी आपोआप उघडायचं, ते त्याच्याच प्रोग्रॅममुळे.

त्याला विभागप्रमुख व्हायचं होतं. विभागप्रमुखाला कोरडं बीळ मिळायचं. दामोजीचं बीळ गळायचं, आणि वर बायको बोलायची.

एकदा वनराजांनी फर्मान काढलं. "रविवारी पिल्लांना कोडिंग शिकवा. अगदी स्वेच्छेने. जो जाणार नाही, त्याला मी स्वतः भेटेन."

सगळे स्वेच्छेने तयार झाले. रविवारी मात्र कोल्ह्याची कंबर धरली, रानडुकराकडे पाहुणे आले. उरला एकटा दामोजी.

पिल्लं गोड होती हो! पण सशाची चिंगी चुकली की भोकाड पसरायची. म्हणून दामोजीने वर्गात एक पद्धत पाडली. चूक सापडली की उभं राहून सांगायचं, "माझं चुकलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग चूक दुरुस्त करायची.

हळूहळू चिंगीचं रडणं थांबलं. तिने काढलेलं कासव पडद्यावर तुरुतुरु चालायला लागलं. दामोजीला इतका आनंद झाला, की शेजारच्यांना त्याचे काटे टोचले.

वनराज खूश झाले. "पिल्लांच्या वर्गात शिकलात ते कामात वापरा," ते भर बैठकीत म्हणाले. "वापरेल तो विभागप्रमुख!"

दुसऱ्याच दिवशी पाणवठ्याचं फाटक उघडलं नाही. बाहेर हत्तीपासून उंदरापर्यंत सगळे तहानेने कासावीस झाले. आत तातडीची बैठक बसली.

"महाराज, ही चूक नाही," कोल्हा म्हणाला. "ही जलबचत आहे."

"आणि लोकांना आवडलीय," रानडुक्कर म्हणालं. "बाहेर गर्दी बघा ना!"

दामोजी उभा राहिला. "महाराज, माझं चुकलं. काल प्रोग्रॅम नव्याने लिहिताना फाटकाला उघडायला सांगितलं, पण आधी कुलूप काढायला सांगायचं राहिलं."

त्याने बसल्या जागी दुरुस्ती केली. फाटक उघडलं, जंगल पाणी प्यायलं. दामोजी टाळ्यांची वाट बघत उभा राहिला.

बिचारा! अजून उभाच होता.

"या कचेरीत आजवर एकही चूक सापडली नव्हती," वनराज गुरगुरले. "आज चुका करणाराच सापडला."

मग गेल्या वर्षीचा वणवा, वाहून गेलेला पूल आणि वनराजांचा पडलेला दात, सगळं दामोजीच्या माथी मारलं गेलं. त्याला नोकरीवरून मात्र काढलं नाही. पुढच्या चुका कोणी करायच्या?

विभागप्रमुख कोल्हा झाला. त्याची धरलेली कंबरही सुटली, म्हणून रविवारचा वर्ग त्यालाच मिळाला.

पहिल्याच दिवशी चिंगीचं कासव पडद्यावर अडकलं. ती उभी राहिली. "सर, माझं चु..."

कोल्ह्याने डोळे वटारले. चिंगी घाबरली, पण पोर हुशार.

"सर, ते अडकलं नाही," ती म्हणाली. "ते चालबचत करतंय."

कोल्ह्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: बाळांनो, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. आणि ज्याचं मन एवढं मोठं, त्याला कोरडं बीळ हवंय कशाला?