होळीपर्यंत विचारायचं नाही

उंबरमाळात घरं संशयावर तापतात. दुसऱ्या गावांना थंडीत लाकूड लागतं, गोवऱ्या लागतात. इथं घरातल्या एकानं दुसऱ्यावर खरा संशय घेतला, की भिंती कोमट होतात. पूर्वापार आहे, कुणाला नवल नाही. आणि हिवाळ्यात मनात आलेला संशय होळीपर्यंत बोलायचा नाही, हाही रिवाज. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की घर गार.

म्हाळूबाबाचं घर मात्र दरसाल जळणावर. म्हातारा-म्हातारी दोघंच, आणि उभ्या संसारात एकमेकांवर संशय म्हणून नाही. यंदा थंडीपासून वाचवायला द्राक्षबागांत धूर करायचा म्हणून बागाईतदारांनी शिवारातली काटकी न् काटकी उचलली. लाकूड परवडेना झालं. त्यात चंद्रभागेला खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, "छातीला गार लागलं तर म्हातारी हातची जाईल."

शेजारचा दगूनाना भर पौषात उघड्या अंगानं ओट्यावर बसलेला असायचा. आईची बोरमाळ घरातल्याच भावानं दडवली, असा त्याचा जुना, चांगला वाळलेला संशय होता.

"म्हाळूबाबा," तो म्हणायचा, "एवढ्या विश्वासानं राहणं तुम्हाला परवडतं तरी कसं?"

म्हाळूबाबा ग्रामसेवकाकडे गेला. शिरसाठ भाऊसाहेबांनी बसायला सांगितलं आणि कामाला हात घातला.

"मालकीण दुपारच्या कुठं जातात?"

"दळायला, जी."

"दळायलाच जातात कशावरून?"

"पीठ घेऊन येते की."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "अशानं नाही तापायचं घर."

"मग खोटाच घेऊ का एखादा?"

"खोटा संशय म्हणजे ओलं लाकूड, बाबा. नुसता धूर."

तरी त्यानं करून पाहिलं. जेवताना चंद्रभागेनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. का टाकली असेल, असं त्यानं मनाला दटावून विचारलं. भूक होती म्हणून टाकली, असं मनानं सांगितलं. भिंत होती तशीच गार. आत म्हातारी खोकत राहिली.

मग एका सकाळी त्याच्या पाठीला ऊब लागली. दगूनानाच्या घरची ऊब झिरपली असेल, म्हणून त्यानं वावराकडची भिंत चाचपली. तीही कोमट. मग त्यानं आपलं मन चाचपलं. त्यात काही नव्हतं. आणि घरात दुसरं माणूस तर एकच.

चंद्रभागा गोधडी पायाशी लोटून गाढ झोपली होती. रातभर खोकली नव्हती.

"बरं वाटतं का गं?" चहाच्या वेळी त्यानं विचारलं.

"वाटतं की."

"घर तापलंय."

"तापलंय खरं," असं म्हणून तिनं बशी पदरानं पुसून त्याच्यापुढं ठेवली.

आजवर तिनं कधी बशी पुसून दिली नव्हती. म्हाळूबाबा बशीकडे बघत राहिला. आपण काय केलं? बाजारच्या दिवशी उशीर झाला, तो का? की मागं बैल विकला, त्या वेळचं काही? आणि आपण काहीच केलं नसेल, तर मग हिच्याच मनात काय आहे?

संध्याकाळी कोनाड्यातलं तूप पातळ झालं.

दगूनाना डोकावला. त्यानं भिंतीला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "आयला, बाबा! कुणावर?"

"होळीला कळंल."

"आमचा एवढा जुना, पण असा तापला नाही कधी," दगूनाना कष्टी होऊन म्हणाला.

एकदा मात्र म्हाळूबाबाला राहवलं नाही. "अगं, तुझ्या मनात..." एवढंच तो बोलला. भिंत लगेच निवायला लागली आणि चंद्रभागेला ढास लागली.

"...मीठ आणायचं होतं का?" त्यानं घाईघाईनं पुरं केलं.

"आहे अजून," ती म्हणाली. ढास थांबली.

होळी पेटली तशी माणसं एकेक करून विचारू लागली. दगूनानानं भावाला बोरमाळ विचारली. भाऊ म्हणाला, "अरे, ती मोडून तर आईनं तुझ्या लग्नाचा मांडव घातला." दोघं गळ्यात पडून रडले आणि गार घरी गेले.

म्हाळूबाबानं होळीत नारळ टाकला आणि बायकोकडे वळला. दोन महिने जिवाला घोर लागला होता. होळीच्या उजेडात तिचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता.

"विचारू का?"

"विचारा की. पण मग मलाही विचारावं लागंल."

"बरं, विचार."

"अन् पुढच्या हिवाळ्याला काय जाळायचं?"

 लाकूड काही स्वस्त होणार नव्हतं.

"चल," तो म्हणाला.

दोघं घराकडे निघाली. दरसाल चंद्रभागा त्याच्या मागून चालायची. आज ती त्याच्या बरोबरीनं चालत होती. का, ते त्यानं विचारलं नाही. पावसात भिजू नये असं, जळणासारखं ते मनाच्या आतल्या कोपऱ्यात नीट रचून ठेवलं.