आठवी ब मधले एकोणीस आजारी

"कोथरूडमध्ये हुशार माणसं शेकड्यानं मिळतील, वानखेडे. हुशारीला इथे तोटा नाही. पण निरीक्षण! ते फक्त एकाच माणसाकडे आहे, आणि तो माणूस या क्षणी तुमच्याकडे पोहे खातोय."

एवढं बोलून महिपती शितोळ्यांनी बशी पुढे केली. म्हणजे आणखी वाढा.

महिपती वीजचोरी पकडणाऱ्या पथकात चौदा वर्षं होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं कार्ड छापून घेतलं: 'महिपती शितोळे, खाजगी तपास (सर्व प्रकारचे). तीक्ष्ण नजर, थंड डोकं. दुपारी एक ते चार गुन्हेगारांनीही विश्रांती घ्यावी.' आजवर त्यांच्याकडे दोन प्रकरणं आली होती. पहिलं सोसायटीतल्या गायब होणाऱ्या वर्तमानपत्राचं. ते वर्तमानपत्र महिपती स्वतःच चुकून उचलत होते, हे त्यांनी तीन आठवड्यांच्या तपासानंतर शोधून काढलं. दुसरं प्रकरण अजून चालू होतं, म्हणजे त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

भीमराव वानखेडे त्यांचे सहायक. पद त्यांनी मागितलेलं नव्हतं. टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढलेला हा शांत माणूस महिपतींच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, एवढीच त्याची चूक. आजवर ते 'हो हो' म्हणत मागे मागे फिरायचे आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगून पोटभर हसायचे. पण आज हसू येत नव्हतं. आजचं प्रकरण त्यांच्याच घरचं होतं. त्यांच्या नातीचं, पायलचं.

पायल आठवी ब मध्ये होती. तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी सरकायची. गेल्या वर्षी पीटीच्या तासाला "नाटकं नकोत" म्हणून तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि तिसऱ्या वळणावर पोरगी कोसळली. सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर डॉक्टरांचा दाखला आला, भीमरावांनी तो लॅमिनेट करून त्याच्या तीन प्रती शाळेत दिल्या आणि पायलला पीटीतून सूट मिळाली. आणि काल शाळेतून निरोप आला होता: पायलच्या पीटीच्या सवलतीबाबत ताबडतोब येऊन भेटा.

"मी येतो बरोबर," महिपती म्हणाले.

"कशाला?" आतून भीमरावांच्या बायकोनं, प्रेमलाबाईंनी, विचारलं. भीमरावांच्या मनातलं त्या नेहमी आतून विचारत.

पण महिपतींनी चपला घातल्याही होत्या.

मुख्याध्यापिका पूर्णिमा केतकर शब्द जपून वापरत. जे वापरत ते टोचत.

"आपण?"

"महिपती शितोळे. सत्यशोधन."

"सत्य सापडलं की सांगा. तोवर त्या खुर्चीत बसू नका, तिचा पाय मोडलाय."

महिपती बसलेच होते. ते उठायच्या आत खुर्चीनं निर्णय घेतला. बाईंनी फरशीकडे एक नजर टाकली आणि भीमरावांशी बोलायला सुरुवात केली.

जूनमध्ये आठवी ब मध्ये पीटीतून सूट असलेली एकच मुलगी होती, पायल. दिवाळीनंतर दोन झाल्या. मग सात. आता वीस. एक्केचाळीस मुलांच्या वर्गात वीस जण पळू शकत नव्हते.

"ही पाहा साथ," म्हणत बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरकवला.

भीमरावांनी एकेक चिठ्ठी वाचली. एकीत लिहिलं होतं, 'माझ्या मुलास उन्हाची सवय नाही. त्याच्या वडिलांनाही नव्हती.' उत्कर्षाच्या चिठ्ठीत, 'आजीला संधिवात असल्यामुळे उत्कर्षाला पळता येणार नाही.' तिसरी तर फारच दूरदृष्टीची होती: 'पोटात दुखणार आहे. वार मंगळवार व शुक्रवार.' पीटीचे तास नेमके मंगळवारी आणि शुक्रवारी असत.

"सुरुवात तुमच्या पायलपासून झाली," बाई म्हणाल्या. "मुलांना ही वाट कुणीतरी दाखवली आहे. शुक्रवारपर्यंत खरं काय ते कळलं तर ठीक. नाही तर सोमवारपासून सगळ्यांची सूट रद्द. सगळ्यांची. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा नियम मला करता येणार नाही."

"बाई, तिचा गुडघा खरा आहे हो!"

"उत्कर्षाची आजीही खरी आहे, वानखेडे. मी भेटले आहे त्यांना."

सोमवारी पुन्हा त्या फेऱ्या, पुन्हा तो गुडघा. घरी जाऊन त्यांनी पायलला जवळ बसवलं आणि विचारलं, "बेटा, तुला काही माहीत आहे का?" पायल नखं कुरतडत म्हणाली, "मी काही वाईट केलं नाही, आजोबा." आणि गप्प झाली. ही मुलगी एरवी जेवतानाही बोलायची थांबत नसे.

महिपतींचा तपास मात्र जोरात सुटला. मंगळवारी ते शाळेतून काढून आणलेल्या चिठ्ठ्यांच्या फोटोंवर भिंग धरून बसले आणि एकदम ओरडले, "हडपसर!"

"काय झालं हडपसरला?"

"तेजस नावाच्या मुलाचा दाखला हडपसरच्या डॉक्टरचा आहे. कोथरूडचा मुलगा पाठ दाखवायला दोन बस बदलून हडपसरला जाईल? एवढ्या धक्क्यात बसून ज्याची पाठ शाबूत राहते त्याला पाठदुखी नाही, वानखेडे! शहराच्या दोन टोकांना जोडणारी ही टोळी आहे."

भीमरावांनी दाखल्याचा फोटो हातात घेतला. "हा दातांचा डॉक्टर आहे, शितोळेसाहेब. आणि खाली लिहिलंय, 'ताईला नमस्कार, दिवाळीचा चिवडा पोचला.' मुलाचा मामा आहे हा."

"टोळ्या नात्यातच असतात," महिपती म्हणाले. माघार हा शब्द त्यांच्या कार्डावर नव्हता.

संध्याकाळी शाळा सुटताना ते फाटकाशी उभे राहिले आणि तेजसला गाठून त्यांनी त्याच्याशी जबरदस्तीनं हस्तांदोलन केलं. तेजस बिचारा "काका, तुम्ही कोण?" म्हणत पळाला. पाठदुखीच्या मानानं बराच वेगात पळाला. महिपतींनी आपला तळवा उजेडात धरला. तळव्यावर पांढरी भुकटी होती.

"वानखेडे," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "हे प्रकरण आपल्याला वाटलं त्यापेक्षा खोल आहे. भुकटी!"

"खडूची असेल."

"खडू असा गुळगुळीत नसतो. पोरं काहीतरी ओढतायत."

भीमरावांना रात्रीचं जेवण गेलं नाही. महिपतींचा एकही अंदाज आजवर खरा निघाला नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. पण मोडकं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, आणि नात आपली होती.

शुक्रवारी पीटीच्या तासाला दोघं शाळेत पोचले. केतकरबाईंनी विद्यार्थ्यांना बजावावं तसं बजावलं, "फिरा. पण मुलांना दिसू नका. मी वीस मिनिटांनी येते."

मैदानावर पीटीचे जयसिंग सर शिट्टी वाजवत होते. पीटी म्हणजे काय, तर एकवीस मुलं रांगेत उभी. सावधान. विश्राम. सावधान. हात वर. हात खाली. हजेरी, सूट असलेल्यांचे नंबर गाळून. मग रांग वाकडी झाली म्हणून पुन्हा सावधान. ऊन मी म्हणत होतं. भीमरावांनी पाच मिनिटं पाहिलं आणि त्यांचेच पाय दुखायला लागले.

"सर, सूट असलेली मुलं कुठे बसतात?" त्यांनी विचारलं.

"क्रीडासाहित्याच्या खोलीत," जयसिंग सर म्हणाले. "वर्गात एकटं ठेवायचं नाही असा नियम आहे ना. म्हटलं, बसून साहित्यावर लक्ष ठेवा. अगदी शांत असतात हो, कधी तक्रार नाही."

खोली मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे होती. महिपतींनी एक रिकामा ड्रम खिडकीखाली ओढला, त्यावर चढले आणि भिंतीला कान लावला. आतून आवाज येत होता. टक. टक टक. टक.

महिपतींचा चेहरा उजळला. "शिक्के!" ते कुजबुजले. "आत डॉक्टरांचे खोटे शिक्के मारतायत, वानखेडे. दाखल्यांचा कारखाना आहे हा! भुकटी कशाची, ते कळलं? शाई वाळवायची! वीस कामगार, आणि..." इथे त्यांचा आवाज खाली आला, "मुकादम तुमची नात."

"अहो, काहीतरीच काय!"

"मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण महिपती शितोळे नातीगोती पाहत नाही."

भीमरावांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याला ड्रमवरून ढकलून द्यावंसं वाटलं. तेवढ्यात शाळेच्या मावशी, तुळजाबाई, झाडू घेऊन आल्या आणि ड्रमवरच्या माणसाकडे बघत उभ्या राहिल्या.

"ह्यो कोन हाय? टाकी दुरुस्तीवाला?"

"मावशी," भीमरावांनी हात जोडले, "आत मुलं काय करतायत, तुम्हाला माहीत आहे का?"

"म्हंजी? क्यारम खेळत्यात की."

"कॅरम?"

"क्यारम हाय, फुलं-रॅकेट हाय, उड्या मारायच्या दोऱ्या हायत. समदं सामान तितंच हाय न्हवं? मैदानात सर कायबी देत न्हाईत, झिजंल म्हन्त्यात. खेळायचं आसंल तर आजारी पडावं लागतं. दिवाळीपास्नं चाललंय."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुनी?" तुळजाबाई म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

वर महिपतींनी याच क्षणी खिडकीतून डोकं आत घालून गर्जना केली, "हात वर! शिक्के खाली ठेवा!" ड्रम हलला. महिपतींचं डोकं खोलीत आणि बाकीचे महिपती बाहेर, अशी विभागणी झाली. मागून केतकरबाई आल्या. त्यांनी लटकणाऱ्या पायांकडे पाहिलं आणि दार उघडलं.

आत एकोणीस रुग्ण ठणठणीत होते. पाठदुखीवाला तेजस दोरीवरच्या उड्यांच्या शंभरीत होता. उत्कर्षाच्या हातात रॅकेट होती आणि तिच्या आजीच्या संधिवाताचा तिच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता. मधोमध कॅरमचा बोर्ड, त्यावर पांढरी पावडर, आणि बोर्डाशी स्ट्रायकर धरून बसलेली विसावी, पायल.

"तेजस, पाठ कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच बरी झाली, बाई."

धावत आलेल्या जयसिंग सरांना घाम फुटला होता. "बाई, साहित्य मुलांच्या हातात दिलं तर झिजतं. इन्स्पेक्शनला नवं दिसायला नको का?"

"नवंच आहे, सर. तुमच्या पीटीच्या तासाला कुणी खेळलेलंच नाही. खेळायला मुलांना पीटी सोडावी लागली." बाई जराही हसल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "सगळं बाहेर काढा. आत्ता. आणि ज्यांना अजून दुखतंय त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. एकोणीस जण एका मिनिटात बरे झाले. रॅकेटी, दोऱ्या, चेंडू, सगळं उचलून पोरं ओरडत मैदानाकडे पळाली. दोघांनी कॅरमचा बोर्डही उचलला.

"वानखेडे, तुमची काळजी मिटली," बाई म्हणाल्या. "पायलची सूट खरी आहे, ती तशीच राहील. तिनं इथेच बसावं."

भीमरावांना हेच हवं होतं. याच्यासाठीच तर त्यांची झोप उडाली होती. आणि तरी त्या रिकाम्या खोलीत स्टुलावर एकटी बसलेली पोरगी बघून त्यांना गलबलून आलं.

"मला का नाही सांगितलंस गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगितलं असतं तर सगळे परत गेले असते," पायल म्हणाली. "जून ते दिवाळी मी इथे एकटीच बसायचे, आजोबा. जमिनीवरच्या फरशा मोजत. मग मी एकीला सांगितलं, इथे कॅरम आहे." मग ती उठली आणि केतकरबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, डॉक्टरांनी मला पळू नको म्हटलंय. खेळू नको असं कुठे म्हटलंय?"

बाईंनी भीमरावांकडे पाहिलं. भीमरावांनी पिशवीतून लॅमिनेट केलेला दाखला काढला. तिथल्या तिथे दोघांनी तो वाचला, शेवटपर्यंत, दोघांनीही पहिल्यांदाच. पहिली ओळ सगळ्यांना पाठ होती: 'पळणे व उड्या मारणे वर्ज्य.' खाली आणखी एक ओळ होती: 'बसून खेळायचे खेळ जरूर खेळावेत.' तेहतीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसाला कुठे तोंड लपवावं कळेना.

"चूक झाली," केतकरबाई म्हणाल्या. हे शब्द त्या क्वचित वापरत, त्यामुळे त्यांना ते जरा जड गेले. "चल बाहेर."

मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत कॅरमचा बोर्ड मांडला गेला. पायल एका बाजूला बसली, समोर बाईंच्या हुकमानं जयसिंग सर. पहिल्या डावात सरांनी एक सोंगटी घेतली आणि स्ट्रायकर तीनदा घालवला. तुळजाबाई आणि शिपायांनी मिळून महिपतींना खिडकीतून सोडवून आणलं होतं. त्यांचा सदरा फाटला होता, उत्साह नाही.

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, वानखेडे. आतून टक टक येतेय, म्हणजे काहीतरी लाकडी आहे."

"हो हो," भीमराव म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं.

तास संपायला पाच मिनिटं उरली. जयसिंग सरांनी हरलेला डाव कसाबसा आवरला आणि सवयीनं हजेरीचं पुस्तक उघडलं. पोरं हातात रॅकेटी-दोऱ्या घेऊन, लाल चेहऱ्यांनी, वाकड्यातिकड्या रांगेत उभी राहिली.

"पंचवीस?"

"हजर!"

"सव्वीस?"

"हजर, सर!"

"अठ्ठावीस?"

"सत्तावीस हजर!" कडुनिंबाखालून पायल एवढ्या जोरात ओरडली, की सरांनी दचकून पेन मागे नेलं आणि सत्तावीससमोर खूण केली.