‘कवटीफोड’ची मंद झुळूक

“आतापासून आपला आवाज लोण्यासारखा मऊ!” अंकुरनं जाहीर केलं आणि टेबलावर बुक्की हाणली. टेबलाचा पाय निखळला.

“सुरुवात तं मऊच झाली,” सुरभी म्हणाली.

आर्णीजवळच्या त्या गावात ‘कवटीफोड’ हा बँड तिघांचा. अंकुर गायचा, म्हणजे गळ्यातून असा काही आवाज काढायचा की एकदा शेजारच्या बबनरावांनी आपला पंप बिघडला समजून मिस्त्री बोलावला होता. त्याची चुलत बहीण सुरभी गिटार वाजवायची, फुलचंद ड्रम बडवायचा. तिघंही जाड काळी जाकिटं घालायचे. यवतमाळ जिल्ह्यात! मे महिन्यात! त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या आधी बँडलाच चक्कर यायची.

पण आता अंकुरच्या वडिलांनी, भगवानरावांनी, निकाल लावला होता. “यवतमाळच्या वसंत महोत्सवात निवड झाली तं वाजवा. नाही झाली, तं सोमवारपासून तू मामाच्या कृषी केंद्रात! युरियाची पोती उचल आन् तिथं काय किंचाळाचं ते किंचाळ!”

आणि महोत्सवाच्या मंजुषा मॅडमनी फोनवर बजावलं होतं, “गेल्या वर्षी तुमचं पहिलं गाणं चालू असतानाच अध्यक्षांनी समारोपाचं भाषण उरकून घेतलं. यंदा काहीतरी सुरेल, घासूनपुसून केलेलं पाठवा. व्हिडिओ रविवारी संध्याकाळपर्यंत!”

मग काय, घासणं-पुसणं जोरात सुरू झालं. बँडचं नाव ‘मंद झुळूक’ ठरलं. सुरभीनं गिटारला घर्रघर्र करायला लावणारं पेडल असं खाली ठेवलं, जसं डाकूनं हत्यार ठेवावं. अंकुरनं ‘फुटली कवटी, वाटा चटणी’ हे गाजलेलं गाणं बाद करून नवं लिहिलं, ‘सावकाश बोल, पापणीला जाग येईल’. फुलचंदला सांगितलं, काठ्या नको, ब्रशनं वाजव. तो घराला रंग द्यायचा ब्रश घेऊन आला. आणि काळ्या जाकिटांच्या जागी आले मलमलचे पांढरे, बिनबाह्यांचे झब्बे. फुलचंद त्यात गॅलरीत वाळत टाकलेल्या उशीसारखा दिसत होता.

प्रश्न जागेचा होता. रोजच्या सरावाच्या टिनाच्या शेडात आवाज असा घुमायचा की एकदा गायलेली ओळ चारदा ऐकावी लागे.

“बाबाचा कापूस!” अंकुर ओरडला. “पुण्या-मुंबईचे लोकं भिंतीले बोटभर फोम लावते. आपल्या घरी छतापर्यंत कापूस हाय बे!”

होताच. भाव वाढल्याशिवाय बोंडही हलवायचं नाही, अशी भगवानरावांची प्रतिज्ञा असल्यामुळे दिवाळीपासून मोठ्या खोलीत कापूस राहत होता आणि माणसं ओसरीत.

आई, विमलताई, दारातच आडवी आली. “अरे, आता ऊन वाढलं. साठवलेला कापूस खाजवते! अंगभर कपडे घालून जाय.”

“आई, कलाकाराले खाज नसते.”

आता असं बघा, घरच्या कापसाशी अंकुरचा संबंध वेचणीच्या दिवशी पोट दुखण्यापुरताच होता. त्याला काय कळणार!

तिघं आत शिरले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लावलं. मोबाईल कुठं टेकवायचा? फुलचंदनं तो समोरच्या ढिगात कंबरेपर्यंत खोचला. एकदम ताठ उभा राहिला.

“बॅटरी लाल झाली हाय,” सुरभी म्हणाली. “एकच वेळ. मधात कोणी थांबलं तं मामाचं दुकान!”

गाणं सुरू झालं. आहाहा! पहिलं कडवं म्हणजे साजूक तूप.

दुसऱ्या कडव्याला सुरभीनं कोपर खाजवलं. फुलचंदनं ड्रमवरचा ब्रश अलगद पाठीवर नेला, तो परत आलाच नाही. मग अंकुरच्या पोटरीवर हजार मुंग्यांनी मोर्चा काढला. मोर्चा गुडघ्यावरून मांडीवर, तिथून झब्ब्यात शिरला आणि काखेत जाऊन उपोषणाला बसला! अंकुरनं एक पाय उचलला, दुसऱ्या पायावर घासला. सुरभीनं गिटारचा दांडा मानेमागं घातला. फुलचंद खांबाला पाठ लावून वर-खाली होऊ लागला. तिघंही उड्या मारत होते, गिरक्या घेत होते, एकमेकांच्या पाठी खाजवत होते, पण थांबलं कोणी नाही. आयुष्यभर विनाकारण किंचाळलेला अंकुर, आज किंचाळायला इतकं झकास कारण असताना, डोळ्यांतून पाणी काढत गोड गात होता, “सावकाश बोऽऽल...”

शेवटचा सूर संपला आणि तिघं दार उघडून जे सुटले, ते थेट अंगणातल्या हौदात!

“काहून बे, गाणं झालं का आंघोळ?” भगवानरावांनी विचारलं.

“झालं बाबा! लोणी झालं, लोणी!” अंकुर हौदातूनच ओरडला. मग कापसातून मोबाईल उपसून आणला आणि ओल्या हातानं, न बघताच, व्हिडिओ पाठवून दिला. लगेच मोबाईलची बॅटरी संपली. विमलताईंनी तिघांना ओळीनं उभं करून खोबरेल चोपडलं.

सोमवारी सकाळी मामा मोटरसायकल घेऊन दारात हजर. अंकुर मागं बसणार, तेवढ्यात फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

“अभिनंदन!” मंजुषा मॅडम म्हणाल्या. “तुमची निवड झाली!”

सुरभीनं फुलचंदला मिठी मारली. भगवानरावांनी मामाला चहा विचारला.

“समितीनं तुमचा व्हिडिओ उभं राहून पाहिला,” मॅडम सांगत होत्या. “काय ती चपळाई! काय तो ताळमेळ! समूहनृत्यात तुमचा पहिला नंबर लावलाय.”

सुरभीनं फुलचंदला सोडलं.

“नृत्यात?” अंकुरनं फोन तोंडाजवळ नेला. “आन् मॅडम, गाणं?”

“तुमच्या व्हिडिओला आवाजच नाही हो. कापसात गाडल्यासारखा नुसता गुंऽऽ.”

फुलचंदनं हळूच मोबाईलच्या बुडाशी असलेल्या माईककडे, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. भगवानरावांनी मामाला हातानंच जायला सांगितलं. निवड ती निवड!

मग अंकुरमधला कलावंत पुन्हा उठून बसला. “चालते मॅडम! नाचू आमी! फक्त नाचाले गाणं आमचंच लावा. आत्ता फोनवरच गाऊन दाखवतो, ऐकता का?”

आणि तो मनापासून, एकदम मऊ गायला. पूर्ण कडवं.

मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“अंकुर,” मॅडम प्रेमानं म्हणाल्या, “तुम्ही फक्त नाचा.”