अध्यक्षांची भाकरी

शिवगंगाबाईंना यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं. त्यांचे यजमान शिवलिंगअप्पा, सिरसाळ्याचे किराणा दुकानदार, यांची त्याला हरकत अशी नव्हती.

"शिक की. आमी कवा नको म्हणलं? पण भाकरी कोण करंल?"

हेच अप्पा शाळा समितीचे अध्यक्ष. मुलींच्या शिक्षणावर आठ मार्चला त्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं होतं. "समानता घरातून सुरू झाली पाहिजे," हे वाक्य तर तीनदा. त्यामुळे घरकाम करणाऱ्या वडिलांचे फोटो मागवणारं परिपत्रक आलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी सुरुवात अध्यक्षांपासूनच केली.

अप्पा चुलीपुढे बसले आणि बायको दुकानात. पहिल्या दोन भाकऱ्या परातीतच फाटल्या. तिसरी मात्र टम्म फुगली, आणि लेकीने, शिवांजलीने, तिचा अप्पांसकट फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला.

अप्पा भाकऱ्या थापायलेत म्हणजे बायको घरात नाही, हे ग्रुपवरच्या पहिल्याने ठरवलं. माहेरी गेली, हे दुसऱ्याने. पाटोद्याला तिच्या भावाच्या, अमरनाथच्या, कानावर बातमी गेली, तर ती माहेरीही पोचलेली नव्हती. म्हणजे बेपत्ता. दुपारी अमरनाथ बायको सायलीला आणि चार माणसांना घेऊन जीपमधून उतरला.

"दाजी, आक्का कुठंय?"

"दुकानात."

"खोटं कावून बोलता? दुकानात तुमी बसता."

"अरे, मी साखर तोलायले," भिंतीपलीकडच्या दुकानातून शिवगंगाबाईंचा आवाज आला. "बसा, जेवूनच जा. अवं, गिऱ्हाईक लई हाय. तुमचा हात बसलाय तर अजून पंधरा-वीस थापा."

पाहुण्यांसमोर अध्यक्षांना नाही म्हणवेना. ते पुन्हा चुलीपुढे बसले.

अमरनाथने चार भाकऱ्या खाल्ल्या. "दाजी, लई मऊ झाल्यात."

घामाने निथळणारे अप्पा एकदम खुलले. "त्यात काय अवघड हाय? पीठ गरम पाण्यात मळायचं, बस."

"अवघड न्हाई ना?" शिवगंगाबाई दारात येऊन म्हणाल्या. "मंग उद्या फॉर्म भरते."

अप्पांनी आशेने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा बायकोकडे बघत होता, कारण तिचा घास हातातच राहिला होता.

"वन्सं, माझीबी शाळा नववीतच सुटली. मला भरता येईल का तो फॉर्म?"

"आन् आपल्या घरी भाकरी कोण करंल?" अमरनाथने विचारलं.

सायलीने थोडा विचार केला आणि चुलीकडे वळून म्हणाली, "दाजी, ह्यांना आठ दिस हितंच ठेवून घ्या."