जिनिंगमागची माती

जनरेटरच्या डिझेलची टाकी कधीपासून गळत होती, हे महादेवराव मालकांच्या अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कोणालाच सांगता आलं नाही. अमरावतीहून प्रदूषण मंडळाचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ही माती खणा, शेणखत मिसळा, ओली ठेवून खालीवर करत राहा. जिवाणू हळूहळू डिझेल खातील. दसऱ्यानंतर मी ढीग बघायला येईन."

काम सुपरवायझर देवानंदच्या गळ्यात पडलं. "टोपलंभर माती जरी बाहेर गेली न, तर तिच्यामागं तू बी बाहेर," मालकांनी बजावलं.

देवानंदने जीव ओतला. माती चाळली, खत मिसळलं, रोज पाणी शिंपडलं. वास उडाला, डिझेल मात्र आतच होतं. ढीग इतका देखणा झाला की नवरात्राच्या आदल्या दिवशी, तो जेवायला गेला असताना, मागच्या पडक्या भिंतीतून गल्लीतल्या बायका घटाच्या मातीसाठी टोपल्या घेऊन आल्या. देवानंद परतला तेव्हा ढिगाला खड्डा पडलेला. त्याने त्यात दुसरी माती ओतली आणि ढीग सारखा केला.

दुसऱ्या दिवशी घरी घट मांडलेला. मातीचा रंग ओळखून तो दचकला.

"कुठची माती व?"

"तुमच्याच जिनिंगमागची," बायको रूपाली कौतुकाने म्हणाली. "लोण्यासारखी आहे."

चार दिवस झाले तरी घटातला गहू उगवेना. आई गंगूबाईंनी देव्हाऱ्यासमोरच देवानंदची चौकशी लावली.

"देवा, बाहेर काई खाल्लं काय तू?"

"नाही व माय."

"मंग गहू काहून नाही उगवून रायला?"

डिझेलचं नाव काढलं तर अख्खी गल्ली जिनिंगच्या गेटवर, आणि आपण घरी. देवानंदने मान खाली घातली. "मटन खाल्लं व. ढाब्यावर."

बिचाऱ्याने जन्मात मटण चाखलं नव्हतं.

गंगूबाईंनी त्याला उपास ठोठावला आणि ही बातमी शेजारी सांगितली. घट कोणाचाच उगवला नव्हता, त्यामुळे घरोघरी नवऱ्यांची उलटतपासणी सुरू झाली. हे मात्र देवीला भिऊन खरं बोलू लागले. खुशालरावांनी ऑम्लेट कबूल केलं. गोवर्धनने सुटलेली दारू सुटलेली नसल्याचं सांगितलं. सासू मुक्कामाला येऊ नये म्हणूनच घराचं रंगकाम लांबवल्याचं पुंजाजी रडत रडत बोलला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी देवानंदला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"आमचा बी घट नाही उगवला रे," मालक हळूच म्हणाले. "तुह्या घरी बी तसंच झालं म्हणते. तू कसं निभावलं?"

"मालक, तुमच्या घरी माती कुठची होती?"

"कामवाली बाई घेऊन आली. इथूनच, मागून."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. देवानंदने सगळं सांगून टाकलं आणि 'उद्यापासून येऊ नको' ऐकायला डोळे मिटून उभा राहिला.

त्याने डोळे उघडले. मालक डोक्याला हात लावून बसले होते.

"हे काल सांगाले काय झालतं बे तुले?" ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "चिखलदऱ्याले मीटिंग नव्हती, हे मी रात्रीच बायकोले सांगून बसलो न!"