मुका स्पीकर आणि साळिंदराचं टेस्टिंग

एका जंगलात, बाळांनो, एकदा घरोघरी स्टुडिओ निघाले. ज्याला बीळ होतं त्यानं संगणक आणला, आणि ज्यानं संगणक आणला तो संगीतकार झाला. गळाही लागतो, असं म्हणायची तेव्हा कुणाची हिंमत नव्हती.

त्यांतला साबाजी साळिंदर मात्र खरंच गुणी होता. बाहेरचा गलका गाण्यात येऊ नये म्हणून त्यानं बिळाला आतून सावरीच्या कापसाचं जाड अस्तर लावलं होतं. दार लावलं की बाहेर वीज पडली तरी आत पत्ता लागत नसे. काट्यांमुळे डोक्यावर हेडफोन बसत नव्हता, म्हणून तो सगळं स्पीकरवरच ऐके.

हत्तीणबाईंच्या पिल्लाचं बारसं निघालं आणि पाळणा गाण्याचं काम साबाजीला मिळालं. त्याला कुणी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. पंधरा दिवस खपून त्यानं पाळणा रचला. आदल्या दिवशी बांबूच्या बेटापलीकडच्या मांडवातल्या भोंग्याला आपला संगणक बिनतारी जोडून एक ओळ वाजवूनही पाहिली.

बारशाच्या सकाळी तो शेवटचं कडवं गायला बसला, तर स्पीकर गप्प.

त्यानं वामनराव वानरांना बोलावलं. जंगलात यंत्रातलं कळणारे तेवढेच.

"बंद करून चालू करा," वामनराव म्हणाले. केलं. "आता माइकमध्ये बोला काहीतरी."

आता बाकीचे प्राणी अशा वेळी 'वन, टू, थ्री' म्हणतात. साबाजीला आकड्यांचा कंटाळा. टेस्टिंगला तो मनात येईल ते बोले. बंद बिळात ऐकतंय कोण?

"हत्तीणबाई मांडवात शिरल्या की मांडवाला बाहेर उभं राहावं लागतं," तो बोलला.

स्पीकर गप्प.

वामनरावांनी सगळ्या वायरी उपटल्या आणि उलटसुलट खोचल्या. "बोला."

"तरस हसलं, म्हणजे कुणाचं तरी वाईट झालं. चांगलं झालं की त्याचं पोट दुखतं."

स्पीकर गप्प.

"ड्रायव्हर जुना झालाय," वामनराव म्हणाले आणि नवा टाकला. "हं, बोला."

"आमचे वामनराव फार जाणकार. काय बिघडलंय ते सोडून त्यांना सगळं कळतं."

वामनराव हसले नाहीत. "साउंड कार्ड गेलंय. नवं मागवा," असं सांगून ते तडक निघून गेले.

नवं येणार चार दिवसांनी, आणि बारसं तासाभरावर. साबाजीला रडूच कोसळलं.

तेवढ्यात खारीनं दार ढकललं. "साबाजीभावजी, दमलात का? मांडवातून निरोप आहे, पुढचं चालू करा म्हणून."

"पुढचं काय?"

"अहो, सकाळपासून भोंग्यावर लावलंय ते. तरस तर तेवढं ऐकून घरीच गेलं."

उघड्या दारातून पलीकडचा हशा आत आला. साबाजीनं पडद्यावर आवाजाचा खाना उघडून पाहिला. तिथं स्पीकरऐवजी 'मांडव' लिहिलं होतं. कालची जोडणी तोडायचीच राहिली होती.

त्याचा काटा न् काटा उभा राहिला. बिळाच्या मागच्या तोंडातून पळून जावं, असं त्याला वाटलं. पण पाळणा राहिला होता. त्यानं दार लावलं, जीव ओतून शेवटचं कडवं गायलं, अख्खा पाळणा मांडवाकडे सोडला आणि मान खाली घालून तिकडे निघाला.

मांडवात पंगत बसली होती. वाढप्यांच्या हाकांत पाळणा कुणाच्या कानावर गेला नव्हता. पिल्लू तेवढं झोपलं होतं.

हत्तीणबाई सोंड हलवत समोर आल्या. साबाजीनं डोळे मिटून घेतले.

"मला बोललात ते ऐकलं," त्या म्हणाल्या. "चालायचंच. पण माझ्या जाऊबाईंबद्दल एक अक्षर नाही? पहिल्याच रांगेत बसल्या होत्या हो."

"आणि पाळणा?" साबाजीनं हळूच विचारलं.

"हो, मध्ये काहीतरी वाजलं खरं. उष्टावणाला मात्र गाणंबिणं नको. नुसतं टेस्टिंग ठेवा."

साबाजीला फार वाईट वाटलं. मग त्यानं विचारलं, "जाऊबाईंचं नाव काय म्हणालात?"

तात्पर्य : बंद दाराआड केली की ती निंदा. भोंग्यावरून केली की तोच कार्यक्रम. तेव्हा बाळांनो, कुणाला नावं ठेवण्यापूर्वी आवाज नीट बाहेर जातोय ना, एवढं तपासून घ्यावं.