पुढच्या तारखेचे अण्णा

संक्रांतीनंतरचा सोमवार, होळीचा आदला दिवस आणि आषाढातला तो शुक्रवार. पहिल्या दोन दिवशी कोर्टातली तारीख पुढे गेली, त्यास मुदत मागणारे उभय पक्षांचे वकील जबाबदार. तिसऱ्या दिवशी जे बिघडले त्यास एकच इसम, ज्यांचे नाव मी सभ्यतेखातर लिहीत नाही. त्या शुक्रवारी त्यांनी श्रीगोंद्यात आमच्या मंदिरासमोर ‘आत्ताच्या क्षणात जगा’ हे व्याख्यान दिले.

माझे शेजारी गणपतअण्णा यांचा वर्तमानकाळाशी संबंधच नव्हता. आंबा कापून पुढे केला तरी म्हणत, "फुडच्या तारखंला बगू." मोतीबिंदू, घराचा अर्धवट गिलावा, नातवाचे बारसे, सगळे पुढच्या तारखेला. त्या नातवास आता मिसरूड फुटले आहे.

सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अण्णांनी थोरल्या भावावर दावा लावला होता. दादांनी तेव्हा विहिरीच्या काठावर शपथ घेतली, की निकाल लागेपर्यंत धाकट्याशी बोलणार नाही. पुढे दादा पुण्यास मुलाकडे राहावयास गेले. येत ते केवळ तारखेस.

न्यायालयाच्या आवारात लिंबाखाली दोघांच्या मध्ये मी बसे. माझ्यावाचून संभाषण अशक्य होते.

"त्याला म्हनावं, खोकल्याचं औषद घेतलं का?"

"त्याला म्हनावं, आदी सवताचा डोळा बग."

मग अण्णांच्या डब्यातली भाकरी माझ्या हातून दादांकडे जाई. ठेच्यात मीठ कमी पडले, हे अण्णांना जगात फक्त तिथेच, दादांकडून माझ्यामार्फत कळे. पुकारा होई, नवी तारीख पडे, आणि वादी-प्रतिवादी दोघेही समाधानाने उठत.

व्याख्यान ऐकून अण्णा पेटले. भावाशी आत्ताच बोलायचे, म्हणून दावा काढून घेण्यास निघाले. दावा काढून घेणे म्हणजे निकाल नव्हे, हे मी परोपरीने समजावले. व्यर्थ. दादांच्या मुलाने मोबाईलवरून कळवले, "वडील म्हनतात, निकाल कुठं लागला? मग बोलायचं कसं?" आणि तारीखच नाही, तेव्हा येण्यासही कारण उरले नाही.

अण्णा आता डबा घेऊन बसस्थानकावर, पुण्याची गाडी लागते तिथे बसतात. परवा मी शेजारी बसलो. गाडी आली, रिकामी झाली. अण्णांनी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

"त्याला म्हनावं, आज मीठ बरूबर हाय."

माझ्या पलीकडे कोणीही नव्हते.

सदर व्याख्यात्यांनी त्याच मंदिरासमोर उभे राहून जाहीर उत्तर द्यावे: आत्ताचा हा क्षण अण्णांनी कोणाबरोबर जगावा?